ओडियातली आई, मराठीतली आई : दत्तक लेकीचं पहिलं घर कसं जपायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. खारघरला राहणारं मराठी जोडपं. आठ महिन्यांपूर्वी ओडिशातल्या एका संस्थेतून साडेपाच वर्षांची मुलगी दत्तक घेतली. आली तेव्हा ती फक्त ओडिया बोलायची. आता ओडियात काही विचारलं तरी मराठीत उत्तर देते किंवा गप्प बसते. घरातल्या आजींचं म्हणणं, “जुनं विसरू दे, म्हणजे लवकर आपली होईल.” आईबाबांना तिचं मूळ तोडायचं नाही, पण नेमकं करायचं काय हे कळत नाही. जूनमध्ये ती पहिलीत जाणार आहे आणि शाळेत कुटुंबाचा वृक्ष काढायला लावतात, त्याचीही काळजी आहे.

यातल्या दोन गोष्टींना घाई आहे. बाकी सगळं सावकाश केलं तरी चालतं, म्हणून त्या दोन आधी सांगते आहे असं समजा.

पहिली घाई संस्थेतल्या माणसांच्या आठवणींची. तुमच्या मुलीची पहिली वर्षं तिथल्या दोन-तीन मावश्यांच्या डोक्यात आहेत, आणखी कुठेच नाहीत. या बायका नोकरी बदलतात, आणि रोज नवी बाळं हातात येत असल्यामुळे जुन्याचे बारकावे पुसट होत जातात. दत्तकाच्या वेळी मिळालेल्या बाल अध्ययन अहवालात आणि वैद्यकीय तपासणी अहवालात ती संस्थेत कधी आली, वजन-उंची, लसी, आजारपणं, स्वभावाबद्दल चार ओळी, एवढंच असतं. ती झोपताना काय ऐकायची, तिला लाडाने काय म्हणायचे, कशाला घाबरायची, हे त्यात सापडत नाही.

म्हणून या आठवड्यातच संस्थेच्या समाजसेविकेला फोन करा आणि मग पत्रही पाठवा. “तिच्याबद्दल काही सांगा” असं मोघम विचारलंत तर “छान होती, शांत होती” असं मोघमच उत्तर येईल. प्रश्न बारीक हवेत. सकाळी उठल्यावर काय खायची, चुडा की मुढी, म्हणजे आपले पोहे की कुरमुरे? भात साधा की उकडा? आंघोळ गरम पाण्याने की गार? डोक्याला कुठलं तेल लावायचे? दुपारी कुणाशेजारी झोपायची? कुठलं गाणं, कुठली गोष्ट? आजारी पडली की कुणाला हाक मारायची? मावश्या आपापसात कुठली भाषा बोलत, आणि आली त्या दिवशी मुलगी कुठली भाषा बोलत होती? या शेवटच्या प्रश्नाकडे पुढे पुन्हा येऊ. शक्य असेल तर तिला सांभाळणाऱ्या मावशीचा दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून मागा. निरोप नको, अंगाई नाहीतर जेवताना ती नेहमी बोलायची तसं साधं बोलणं हवं. फोटो मागताना तिचे स्वतःचे आणि जागेचे मागा: फाटक, अंगण, जेवायची जागा, ताट, झोपायची खोली. इतर मुलांचे चेहरे असलेले फोटो संस्था देणार नाही आणि देऊही नयेत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याने मनाई आहे.

दुसरी घाई भाषेची.

पाच-सहा वर्षांच्या मुलाची भाषा कानावर पडायची थांबली की काही महिन्यांत बोलण्यातून जाते. आपल्याला वाटतं, साडेपाच वर्षं बोललेली भाषा अशी कशी जाईल? पण जाते. कोरियातून तिसऱ्या ते आठव्या वर्षी फ्रान्समध्ये दत्तक गेलेली मुलं मोठी झाल्यावर त्यांची चाचणी घेतली गेली, ते संशोधन २००३ मध्ये छापून आलं. कोरियन कधीही न ऐकलेल्या फ्रेंच माणसांपेक्षा त्यांना ती भाषा जास्त ओळखता आली नाही. पण २०१४ मध्ये मॉन्ट्रियलला झालेल्या दुसऱ्या अभ्यासात वेगळं दिसलं. चीनमधून तान्हेपणी दत्तक आलेल्या, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या ९ ते १७ वर्षांच्या मुलींना चिनी भाषेतले चढउतार ऐकवले, तेव्हा त्यांच्या मेंदूने चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच प्रतिसाद दिला. अर्थ त्यांना एकाही शब्दाचा कळत नव्हता. म्हणजे बोलणं जातं, पण ध्वनीची खूण कुठेतरी उरते. व्यवहारात याचा अर्थ असा की ती बोलत नसली तरी तिच्या कानावर ओडिया पडत राहू द्या. बोलण्याचा आग्रह सोडून द्या.

ती मराठीत उत्तर देते, कारण तिला या घरातलं व्हायचं आहे. तिच्या बाजूने हे शहाणपणच आहे. “याला ओडियात काय म्हणतात, सांग बरं काकांना” असं पाहुण्यांसमोर विचारणं ताबडतोब बंद करा. त्यातून तिला दोनच गोष्टी कळतात: आपली परीक्षा चालू आहे आणि आपण या घरात वेगळे आहोत. उलट भाषा तुम्ही शिका. तीसेक वाक्यं पुरेत, आणि ती शरीराची आणि भीतीची हवीत, कारण ताप आला, रात्री दचकून उठली, पोटात दुखलं की मूल पहिल्या भाषेकडे वळतं. मोते भोक लागुछि म्हणजे मला भूक लागलीय. निद लागुछि, झोप येतेय. पेट काटुछि, पोटात दुखतंय. मोते डर लागुछि, मला भीती वाटतेय. हे तुम्ही तिच्याकडून वदवून घ्यायचं नाही. तुम्ही तिला विचारायचं: “भोक लागुछि?” ती मराठीत “हो” म्हणाली तरी काम झालं. उच्चार करताना एक लक्षात ठेवा, आपण शेवटचा अ गिळतो, ओडिया माणूस गिळत नाही आणि त्याचा अ ओकाराकडे झुकलेला असतो. आपला भात तिथे जवळजवळ ‘भातो’ होतो.

नात्यांच्या शब्दांकडे मात्र फार जपून बघा. ओडियात ‘आई’ म्हणजे आईची आई, आजी. आई म्हणजे ‘बोउ’ किंवा ‘मा’. आणि ‘आजि’ म्हणजे आज. आता पहिल्या दिवशी तुम्ही तिला काय सांगितलंत ते आठवा: “मी तुझी आई, ही तुझी आजी.” तिच्या कानाने ऐकलं, ही माझी आजी, आणि ही माझी ‘आज’. सुरुवातीला मूल हाक मारत नाही, नुसतं पदर ओढून बोलावतं, त्याला आईबाप परकेपणा समजतात. कित्येकदा अडचण शब्दाची असते. ‘माउसी’ हा तसाच दुसरा शब्द. संस्थेत सांभाळणाऱ्या बाईला मुलं माउसी म्हणतात, आणि आपल्याकडे सख्खी मावशीही मावशी आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईही मावशी. कामाच्या मावशी संध्याकाळी घरी निघाल्या की मुलगी का रडते, हे कोडं बऱ्याच घरांत इथे उलगडतं. रडं समजून घ्या, समजूत घाला: “या मावशी उद्या सकाळी येणार.” आणि त्या येणार नसतील तर आदल्या दिवशी सांगा.

आता मगाशी बाजूला ठेवलेला प्रश्न, तिची भाषा नेमकी कुठली. ओडिशा म्हणजे एकच ओडिया, पुरीचा जगन्नाथ आणि ओडिसी नृत्य, असं आपण इथून धरून चालतो. पण ओडिशात साठहून जास्त अनुसूचित जमाती आहेत. संबलपूर, बरगड, बलांगीर, कलाहांडीकडे संबलपुरी बोलतात, कोरापुटकडे देसिया, आणि संताली, ‘हो’ नावाची भाषा, मुंडारी, कुई या तर वेगळ्याच भाषाकुळांतल्या. संस्थेत आल्यावर तिला ओडिया शिकावी लागली असेल, तर ओडिया ही तिची दुसरी भाषा आणि मराठी तिसरी. संस्थेचा जिल्हा कागदांवर असतोच. बाल कल्याण समितीसमोर तिला पहिल्यांदा हजर केल्याच्या नोंदीत सापडल्याचं ठिकाण असतं. त्यावरून अंदाज बांधा, पण अंदाजाला अंदाजच म्हणा. जात, जमात, धर्म यांबद्दल कागदांत काही नसेल तर तर्काने भरू नका आणि नातेवाइकांनाही भरू देऊ नका. “कुठल्या जातीची असेल?” या प्रश्नाला एकच उत्तर घरातल्या सगळ्यांनी ठरवून द्यायचं: “आमची मुलगी आहे.” त्यापुढे चर्चा नाही.

माझं ठाम मत असं की मुलाची जन्मसंस्कृती शोधायची तर राज्याच्या नकाशापासून सुरुवात करू नये, मुलाच्या अंगवळणी काय पडलं होतं तिथून करावी. तिने ओडिसी कधी पाहिलंच नसेल तर ओडिसीचा वर्ग हा तिच्यासाठी भरतनाट्यमच्या वर्गाइतकाच नवा. आवडला तर जाऊ दे, पण त्यातून काही जपलं जातंय असं समजू नका. उकड्या तांदळाचा वास, मोहरीच्या तेलाचं मालिश, खाली चटईवर ओळीत बसून जेवणं, हे तिचं आहे.

आजींबद्दल

आजींचं बोलणं मायेतून आलंय. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एवढंच विचारा की लग्न होऊन या घरात आल्यावर कुणी “माहेर विसर, मग आमची होशील” म्हटलं असतं तर? माहेरची आमटी, माहेरची ओवी, माहेरचा देव घेऊनच त्या इथल्या झाल्या. हा दाखला आजींपुरताच ठेवा. मुलीसमोर संस्थेला माहेर म्हणू नका. माहेरी परत जातात, आणि परत पाठवलं जाण्याची भीती या वयात दत्तक आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या मनात असते. आणि त्या भाषेचा उपयोग काय, असं कुणी म्हणालं तर सांगायला हरकत नाही की ओडियाला अभिजात भाषेचा दर्जा २०१४ मध्ये मिळाला, आपल्या मराठीला २०२४ मध्ये.

आजींना काम द्या. सगळ्यात चांगलं काम स्वयंपाकघरात आहे.

ताट

ओडिशात घरोघरी उकडा तांदूळ खातात. आपला कोलम किंवा इंद्रायणी तिला परका लागत असेल. कोकणातही उकडा असतो, त्यामुळे वाशी-पनवेलच्या बाजारात तो मिळतोच. आठवड्यातून दोन-तीनदा घरात सगळ्यांनीच तो खा. तिच्या एकटीसाठी वेगळा भात लावू नका.

दालमा, म्हणजे भाज्या घातलेली ओडिया डाळ, करताना मराठी हात नेमका कुठे चुकतो ते सांगायला हवं. अर्धी वाटी तूरडाळ, हळद, मीठ, आल्याचा तुकडा आणि दोन वाट्या मोठ्या फोडी: कच्ची पपई, कच्चं केळं, लाल भोपळा, वांगं, शेवग्याची शेंग. डाळ शिजली पाहिजे पण घोटायची नाही, फोडी दिसल्या पाहिजेत. फोडणी तुपात, पंचफुटणाची: जिरं, मोहरी, बडीशेप, कलौंजी समप्रमाणात आणि मेथी त्याच्या निम्मी, नाहीतर कडू होतं. एवढ्या डाळीला हे मिश्रण अर्धा चमचा पुरे. वरून भाजलेल्या जिऱ्या-मिरचीची पूड आणि ओलं खोबरं. आपण सवयीने हिंग, कढीपत्ता, गोडा मसाला, चिंच-गूळ घालतो आणि त्याची आमटी होते. आमटी चांगलीच लागते, पण मुलगी चमचा तोंडात घालून गप्प बसते, कारण तिच्या नाकाने बडीशेप-कलौंजीची अपेक्षा केलेली असते.

पखाळ म्हणजे पाण्यातला भात. लहान मुलासाठी ताजा, म्हणजे सज पखाळच करा. एक वाटी तांदळाचा मऊ भात पूर्ण गार करायचा, त्यात तीन वाट्या पाणी, दोन चमचे दही, मीठ, लिंबाचं पान चुरडून. सोबत उकडलेला बटाटा कुस्करून त्यात मीठ, बारीक कांदा आणि कच्च्या मोहरीच्या तेलाचे थेंब. रात्रभर आंबवलेला बासी पखाळ नंतर कधीतरी. तो बिघडतो तो बहुधा गरम भातात पाणी ओतून झाकल्यामुळे. नवी मुंबईच्या मे महिन्यात सहा तासही पुरतात, आणि बुळबुळीत झाला किंवा वास बदलला तर बिनदिक्कत टाकून द्यायचा.

कधी एखाद्या वासाने मुलगी रडायला लागते, पोट धरून बसते, किंवा दोन रात्री झोपत नाही. तिला नक्की काय आठवलं, हे तिलाही सांगता येणार नाही. ताट उचला, तिच्याजवळ बसा, “जुनं काहीतरी आठवलं ना, मी इथेच आहे” एवढं म्हणा आणि तो पदार्थ काही महिने बाजूला ठेवा. ते परत परत होत असेल, अन्न उशीखाली लपवणं वाढलं असेल, तर संस्कृती वगैरे थांबवून आधी बालमानसतज्ज्ञाकडे जा.

सण

इथे मराठी घराला निसर्गतःच मोठी सोय आहे. वेगळे सण घरात आणायचे नाहीत, आपल्याच कालनिर्णयातल्या दिवसांना दुसरी बाजू जोडायची.

आषाढ शुद्ध द्वितीयेला रथयात्रा निघते, दशमीला रथ परत फिरतात. आणि एकादशीला, ज्या दिवशी आपला विठोबा वारकऱ्यांना भेटतो त्याच दिवशी, पुरीत रथांवरच्या जगन्नाथाला सोन्याचे दागिने घालतात. घरात विठ्ठलाच्या तसबिरीशेजारी त्या दिवशी जगन्नाथाचं चित्र ठेवलं की सांगायला गोष्ट तयार. रथयात्रेची लोकांमधली गोष्ट अशी की देव मावशीच्या घरी राहायला जातो आणि परत आपल्या घरी येतो. माउसीच्या घरी राहिलेल्या मुलीला ही गोष्ट खोलवर भिडते, म्हणून सांगताना घाई करू नका. ती विचारेल, “माउसी रडली का?” उत्तर द्या, विषय बदलू नका.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या ऋषिपंचमीला, पश्चिम ओडिशात नुआखाई असते: नवं धान्य देवाला दाखवून घरातल्या थोरांच्या हातून खायचं आणि एकमेकांना ‘नुआखाई जुहार’ म्हणायचं. ती संबलपूर-कलाहांडीकडची असेल तर दीड दिवसाच्या गणपतीच्या उत्तरपूजेआधी नव्या तांदळाची वाटी ठेवता येते. किनारपट्टीची, कटक-केंद्रापाडाकडची असेल तर नुआखाई तिची नाही. तिथला मोठा सण रजो. जूनच्या मध्यावर, मिथुन संक्रांतीच्या सुमारास तीन दिवस मुलींना नवे कपडे, पायाला अळता, झोके, आणि काम करायचं नाही. नेमके शाळा सुरू व्हायचे दिवस. ग्रिलला झोका बांधा, एवढंही पुष्कळ.

मार्गशीर्षातल्या गुरुवारची लक्ष्मी तर दोन्हीकडे आहे. ओडिशात तिला माणबसा म्हणतात, आणि दारात तांदळाच्या पिठाच्या पाण्याने बोटांनी झोटी, म्हणजे तिथली रांगोळी, काढतात, लक्ष्मीची पावलं हमखास. फक्त तिथला मार्गशीर्ष पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावास्येनंतर, म्हणून त्यांचे गुरुवार आपल्या दोन आठवडे आधी लागतात. हाच फरक प्रथमाष्टमीला नडतो. पहिल्या अपत्याला ओवाळायचा हा दिवस कालनिर्णयात कार्तिक वद्य अष्टमीला, कालभैरव जयंतीच्या दिवशी बघायचा. त्या दिवशी एंडुरी पिठा करतात: उडीद-तांदळाचं पीठ, आत खोबरं, गूळ, छेना (ताजं पनीर), आणि सगळं हळदीच्या पानात गुंडाळून वाफवलेलं. आजींना हे वेगळं सांगायलाच नको, या आपल्या पातोळ्यांच्या सख्ख्या बहिणी. अडचण एकच, हळदीची पानं बाजारात श्रावण-भाद्रपदात भरपूर असतात आणि नोव्हेंबरात मिळेनाशी होतात. मेअखेर एका बारा इंची कुंडीत ओल्या हळदीचे दोन-तीन डोळे असलेले तुकडे दोन इंच खोल लावा. पानं तोपर्यंत टिकतात, आणि पाणी घालायचं काम तिला मिळतं. ओवाळताना लक्षात ठेवायचं ते हे: प्रथेप्रमाणे मुलाचे नवे कपडे मामाकडून येतात. ते तुमच्या भावाने आणावेत.

वर्षात तीन-चार दिवस बस झाले. प्रत्येक सणाला ओडिशा आणला की घराचं प्रदर्शन होतं, आणि मुलगी कंटाळून त्याला ‘नको’ म्हणायला लागते. ‘नको’ म्हणाली तर थांबा. आठव्या-नवव्या वर्षी बरीच मुलं सगळं झटकून टाकतात आणि पौगंडात स्वतःहून विचारायला येतात. तोवर हळद कुंडीत वाढत राहिली की पुरे.

माणसं

वाशीला रेल्वे स्टेशनच्या जवळ सेक्टर ३० च्या बाजूला निरनिराळ्या राज्यांची भवनं आहेत, ओडिशा भवनही तिथेच आहे. तिथे अधूनमधून हातमागाची, खाण्याची प्रदर्शनं भरतात. पहिल्यांदा तुम्ही एकटे जाऊन बघून या. मंचावरच्या कार्यक्रमापेक्षा तुमच्या इमारतीतलं किंवा ऑफिसातलं एखादं ओडिया कुटुंब, ज्यांच्या घरी तिच्या वयाचं मूल आहे, ते शंभरपट मोलाचं. महिन्यातून एक रविवार, दोन तास, मुलं खेळतील आणि मोठी माणसं आपापसात ओडियात बोलतील. तिच्याशी बोलायलाच हवं असं नाही. त्या कुटुंबाला तिची हकिगत सांगायची गरज नाही, “ती लहानपणी ओडिशात होती” एवढं पुरे. मुंबई-ठाण्यात नळकाम करणारे कितीतरी जण केंद्रापाडा जिल्ह्यातले आहेत. घरी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसासमोर तिला उभं करून “बोल” म्हणू नका. तो मायेने बोलेलच, पण अनोळखी पुरुष आपली भाषा बोलतोय म्हणजे आपल्याला न्यायला आलाय, असं लहान मुलाला वाटू शकतं.

संस्थेची तयारी असेल तर त्या मावशीशी व्हिडिओ कॉल ठेवता येतो. पंधरवड्यातून एकदा, दहा मिनिटं, ठरलेल्या दिवशी, पुढे महिन्यातून एकदा. कॉलच्या आधी आणि नंतर तेच वाक्य: “बोलून झालं की आपण जेवणार आणि रात्री इथेच झोपणार.” ठरलेला कॉल तुमच्या बाजूने चुकू देऊ नका. नंतर एक-दोन दिवस ती चिडचिडी झाली, तर कॉल वाईट होता असं नाही. आठवड्यानंतरही तशीच राहिली तर अंतर वाढवा.

प्रत्यक्ष भेटीची घाई नको. साधारण दीड-दोन वर्षं इथे मुरल्यावर, ती स्वतः विचारू लागल्यावर. जाताना तिचं दप्तर, उशी, आवडतं खेळणं मुद्दाम इथेच ठेवा आणि ते का ठेवलं हे तिला सांगा. परतीचं तिकीट तिला दाखवा, तारखेवर तिच्या हाताने गोल करू द्या. कोणार्क एक्सप्रेसने भुवनेश्वर दीड दिवसाचा प्रवास आहे, आणि हळूहळू पोहोचणं विमानापेक्षा बरं: पाट्यांवरची लिपी बदलत जाते, ती बघत जाते. संस्थेत तुम्ही दोघं सतत तिच्या नजरेसमोर हवेत. “तू माउसीशी बोल, आम्ही ऑफिसात आहोत” असं एक मिनिटही करू नका.

शाळा

वर्गात कुटुंबाचा वृक्ष येईल तेव्हा बघू, असं ठेवू नका. शाळा सुरू व्हायच्या आधी वर्गशिक्षिकेला भेटा. सगळी हकिगत सांगू नका, तीन गोष्टी मागा: तान्हेपणीचा फोटो सक्तीचा नसावा, वृक्षाऐवजी ‘माझी माणसं’ असं चित्र पूर्ण वर्गाला द्यावं, आणि दत्तकाचा उल्लेख वर्गात आधी शिक्षिकेने करू नये. पर्याय फक्त तिलाच दिला तर ती वेगळी पडते. चित्र साधं आहे: मधे मी, भोवती माझ्याजवळ झोपणारी, मला भरवणारी, माझ्याशी खेळणारी माणसं. त्यात माउसी आली तर येऊ दे.

मुलं विचारणारच. घरी खेळात तीन उत्तरं तयार करून ठेवा. “मी ओडिशातून आले, आता खारघरला राहते.” “हो, मी दत्तक आहे, हीच माझी आई.” आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: “ते माझं आहे, मला सांगायचं नाही.” तिची गोष्ट तिच्या मालकीची आहे, याच कारणाने ती समाजमाध्यमांवरही टाकू नका. ‘खरी आई’ हा शब्द कुणी वापरला तर शांतपणे दुरुस्त करा: जन्म देणारी आई. तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, आणि “तुझ्यावर खूप प्रेम होतं म्हणून दिलं” हेही म्हणायचं नाही. एकतर ते आपल्याला माहीत नसतं, आणि मूल त्यातून शिकतं की प्रेम करणारी माणसं सोडून देतात. “तिला तुला सांभाळता आलं नाही, का ते आपल्याला पूर्ण माहीत नाही. तुझ्यात काही चूक नव्हती.” एवढं खरं आहे.

कागद

दत्तक झाल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी अहवाल होतो. आपण खारघरला नवी मुंबईच म्हणतो, पण ते रायगड जिल्ह्यात आहे, त्यामुळे मदत लागली तर रायगडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जा, नेरूळ-वाशीवाल्यांनी ठाण्याच्या. पाहणीला येणाऱ्या समाजसेविकेला भाषेचं, मावशीच्या रेकॉर्डिंगचं सांगा. संस्थेकडून उत्तर येत नसेल तर ती पाठपुरावा करू शकते.

तिच्या नावाची एक फाइल करा. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश (१ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी हा आदेश ते देतात), बाल कल्याण समितीचा ती दत्तकासाठी मुक्त असल्याचा आदेश, बाल अध्ययन आणि वैद्यकीय तपासणीचे दोन्ही अहवाल, संस्थेची पत्रं, आलेल्या दिवशीचे कपडे. सापडलेल्या मुलाच्या पालकांच्या शोधासाठी वर्तमानपत्रात निवेदन छापलं जातं, त्याचं कात्रण संस्थेकडे असेल तर प्रत मागा. लॅमिनेशन करू नका. इथल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, दर जूनमध्ये पुड्या बदला, आणि सगळ्याची स्कॅन प्रत दोन ठिकाणी ठेवा.

पुढे तिला मुळाचा शोध घ्यावासा वाटला तर १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ती स्वतः ‘कारा’कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, ऑनलाइन अर्ज करू शकते. त्याआधी करायचा तर तुम्हा पालकांसोबत. तिच्या वतीने तिसऱ्या कुणाला, कितीही हौशी नातेवाईक असला तरी, हा शोध घेता येत नाही. जन्मदात्यांनी मूल स्वतः संस्थेकडे सोपवलं असेल आणि ओळख सांगू नये असं म्हटलं असेल, तर त्यांची संमती लागते. त्यांच्या खासगीपणालाही कायद्याचं संरक्षण आहे. मूल सापडलेलं असेल तर शोध बऱ्याचदा एका जागेपाशी आणि एका तारखेपाशी थांबतो. हे तिला अठराव्या वर्षी पहिल्यांदा कळू नये. फाइल कुलुपात नको, तिचा हात पोहोचेल अशा कप्प्यात ठेवा, आणि ती मागेल तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून तिच्याशेजारी बसून उघडा. मावशीचं ते दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग त्यात सगळ्यात वर ठेवा.